सहा पानांचं शिफारसपत्र

माझी उमेदीची सगळी वर्षं एका शब्दात गेली. असं म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा आता 'सेवा' किंवा 'त्याग' म्हणणार. तसं काही नाही. तो शब्द आहे 'अझ'. अर्थ 'मी'. भाषा कोणती, तर जी आज कोणी बोलत नाही, आणि बोलत होते तेव्हा कोणी लिहून ठेवली नाही. अशा शब्दावर जळगावात बसून वर्षानुवर्षं काम करणारा माणूस या जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्याबद्दल जिल्ह्याने कधी हळहळ व्यक्त केल्याचंही ऐकिवात नाही.

पोटापाण्याला मी कॉलेजात संस्कृत शिकवायचो. पुण्यात एम.ए. करताना हौसेने रशियनही शिकलो होतो. हे प्राचार्यांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी सकाळी साडेसातचा रशियनचा प्रमाणपत्र वर्ग माझ्या गळ्यात घातला. ऐंशीच्या दशकात रशियाची आणि आपली दोस्ती घट्ट होती, त्यामुळे वर्गाला आठ-दहा जण तरी यायचे. एकाला बुद्धिबळाची रशियन मासिकं वाचायची होती. फैजपूरचे एक केळीचे व्यापारी मॉस्कोला माल पाठवायच्या विचारात होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, केळीला रशियनमध्ये काय म्हणतात?" मी म्हटलं, "बनान." ते म्हणाले, "मग शिकायचं काय त्यात?" आणि तिसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

पण माझा खरा धंदा हा वर्ग नव्हे. खरा धंदा होता न पाहिलेले शब्द शोधून काढण्याचा. तो थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगायची संधी मी आयुष्यात फारशी घेतलेली नाही.

समजा, एका घराण्यातल्या चार चुलतभावांची नाकं सारखीच बाकदार आहेत. पणजोबांचा फोटो नाही. तरी आपण म्हणतोच ना, की पणजोबांचं नाक असंच असणार? भाषांचं तसंच. रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन या बहिणी. त्यांची आई लिहिण्याआधीच गेली. तिला आदिस्लाव म्हणतात. रशियन माणूस 'मी' या अर्थी 'या' म्हणतो, बल्गेरियन 'अझ' म्हणतो, स्लोव्हेनियाकडचे 'याझ' म्हणतात. यावरून आईच्या तोंडचा शब्द 'अझ' असावा असा अंदाज करायचा. तिची आणि संस्कृतची पणजी एकच, म्हणून तो आपल्या 'अहम्'चा लांबचा भाऊ. असा अंदाजाचा शब्द लिहिताना त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढतात. चांदणी म्हणजे कबुली, की बाबांनो, हा शब्द मी स्वतः पाहिलेला नाही. फळ्यावर मी इतक्या चांदण्या काढायचो, की कॉलेजात माझं नाव 'चांदणी सर' पडलं. ते मला मागून कळलं, आणि मी ते कौतुक समजलो.

या शब्दाचा स्वभाव मोठा गमतीचा. वाक्यात पुढे उभं राहून मिरवायचं असलं, की 'अझ' येतो. पण 'माझा' म्हणायचं, 'मला' म्हणायचं, काही सोसायची किंवा राबायची वेळ आली, की हे गृहस्थ गायब, आणि त्यांच्या जागी वेगळ्याच घरातला 'म'वाला भाऊ येतो. 'मेने' म्हणजे माझा, 'मिने' म्हणजे मला. संस्कृतातही तीच तऱ्हा. मिरवायला अहम्, बाकी सगळीकडे मम, मया, मह्यम्. आपला मराठी 'मी' तर त्या राबणाऱ्या भावाच्याच, 'मया'च्याच, वंशातला. मिरवणारा आपल्याकडे कधीच बाद झाला.

आता माझ्या प्रबंधाचा प्रश्न. 'अझ'च्या सुरुवातीला आधी 'य' होता आणि तो गळाला, की आधी नव्हता आणि नंतर चिकटला? यावर माझी हजारो कार्डं होती. ती मी चपलांच्या खोक्यांत ठेवायचो. जळगावातल्या मेहरूण भागातल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्याला बसायला जागा नव्हती, पण 'य'ची सोय चोख होती.

माझे वडील, नाना, धुळ्याजवळच्या गावी शेती करायचे. एकदा ते आले आणि खोकी बघून म्हणाले, "हाऊ शब्द कोनी आयकेल शे का?"

म्हटलं, "नाही, नाना."

"लिखेल शे का कोठे?"

"नाही."

"मंग तुले कसा समजना?"

"अंदाजाने."

नानांनी एक खोकं उघडून पाहिलं आणि परत झाकलं. मग म्हणाले, "अंदाजे त मी बी सांगस, औंदा पानी पडी. माले कोनी पगार देस का?"

पगार संस्कृतचा आहे, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना तेवढ्याने थोडं बरं वाटलं.

असा माणूस कामाच्या वेळी किती उपयोगाचा, याचा एक नमुना देतो. धुळ्याहून एक फिटर आला. त्याच्या कारखान्यात जुनं रशियन लेथ मशीन आलं होतं. मशीनवर एक पितळी पट्टी, तिच्यावर चार ओळी. त्याने कागद ठेवून वरून पेन्सिल घासून अक्षरं उमटवून आणली होती. बिचारा एसटीने दोन तास प्रवास करून आला होता. मी कागद पाहिला आणि हरखलो, कारण दुसऱ्या ओळीत एक फार जुनं क्रियापद होतं. त्याची आई, आजी, संस्कृतातली मावशी असं सगळं गणगोत मी पाऊण तास सांगितलं. फिटर मान डोलवत होता. शेवटी उठताना त्याने हळूच विचारलं, "सर, सुरू करायच्या आधी तेल घालायचं, असंच लिहिलंय ना?" मी पाहिलं. असंच लिहिलं होतं. म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं."

हा प्रसंग मी स्टाफरूममध्ये हसत हसत सांगायचो. हसण्यासारखा होताही. त्यातून शहाणं व्हायला हवं होतं, ते जमलं नाही. आणि पुढच्याच वर्षी करुणा आली.

करुणा भुसावळची. वडील आनंदाभाऊ रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामाला, रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहणारं बौद्ध कुटुंब. पोरगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झालेली, पण इथल्या मेडिकलची जागा दीड-दोन गुणांनी हुकलेली. तेव्हा रशियात डॉक्टरी शिकायला शिष्यवृत्ती मिळायची. अर्ज करायचा, एक शिफारसपत्र जोडायचं आणि दिल्लीला मुलाखत द्यायची. थोडं रशियन येत असेल तर पारडं जड होईल, असं आनंदाभाऊंना कुणीतरी सांगितलं होतं. ते तिला घेऊन आले आणि म्हणाले, "सर, तिला एवढीच वाट उरली आहे. तुम्ही सांगाल तसं ती करील."

करुणा रोज पॅसेंजरने यायची आणि साडेसातच्या आधी वर्गात हजर असायची. अशी विद्यार्थिनी मला आधी मिळाली नव्हती. जे सांगेन ते एकदाच सांगायचं. मी ठरवलं, हिला वरवरचं काही शिकवायचं नाही, मुळापासून शिकवायचं. आता माझ्या दृष्टीने मूळ म्हणजे काय, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. सहा महिन्यांत त्या पोरीला 'अझ'ची सगळी रूपं पाठ झाली, एकाची, दोघांची आणि अनेकांची. वर्गात मी तिला उभं करायचो आणि ती धडाधड म्हणून दाखवायची. मला धन्य वाटायचं. तिला डॉक्टर का व्हायचंय, घरी कोण कोण आहे, पहाटे किती वाजता उठते, यातलं मी काही विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

मुलाखतीच्या आधी शिफारसपत्राची वेळ आली. इंग्रजीत चाललं असतं. पण मुलाखतीला रशियन प्राध्यापक असणार, हे ऐकून माझ्या मनात भलतंच आलं. माझा 'य'चा प्रश्न समजणारी माणसं आयुष्यात प्रथमच माझं काहीतरी वाचणार होती! मी पत्र रशियनमध्ये लिहिलं. तीन दिवस लिहीत होतो. चांगलं सहा पानं झालं. हाताने, झोकदार अक्षरात, खाली कार्बन घालून. पाकीट न चिकटवताच करुणाला दिलं आणि म्हटलं, "असं पत्र तिथे दुसऱ्या कोणाचं नसेल." हे मात्र शब्दशः खरं होतं.

आनंदाभाऊ रजा काढून तिच्याबरोबर दिल्लीला गेले. परत आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "काय विचारलं?"

करुणा म्हणाली, "जास्त करून तुमच्याबद्दलच विचारलं, सर."

मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी स्टाफरूमला चहा मी पाजला. तिचा चेहरा कसा होता, हे मला आज कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

दोन महिन्यांनी नकार आला. कागदपत्रांची फाईलही परत आली. आनंदाभाऊ मला भेटायला घरी आले. करुणाला वापरायला दिलेला माझा रशियन शब्दकोश त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणला होता. खोकी सरकवून मी त्यांना जागा करून दिली. मला वाटलं, माणूस चार शब्द सुनावणार. तर ते म्हणाले, "पुढच्या वर्षी परत अर्ज करतोय सर. एकदा आणखी संधी देतात. तुमचं पत्र परत लागेल. मागचं फार छान होतं. तिथे बाकीच्या पोरांची पत्रं अर्ध्या-अर्ध्या पानाची, आणि आमच्या पोरीचं सहा पानांचं!"

मी ऐटीत कार्बन कॉपी काढली. म्हटलं, त्यातच थोडी भर घालू. चष्मा लावून वाचायला लागलो. पहिलं वाक्य असं होतं: 'प्रस्तुत उमेदवाराच्या निमित्ताने मी एका उपेक्षित प्रश्नाकडे आपलं लक्ष वेधू इच्छितो.' त्याखाली ओळीच्या मधोमध, ठसठशीत, डोक्यावर चांदणी घेऊन 'अझ'. पुढे पहिलं पान 'य' होता असं म्हणणाऱ्यांचं. दुसरं, नव्हता म्हणणाऱ्यांचं. तिसरं आणि चौथं माझं. पाचव्यावर रूपांचा तक्ता. मी वाचत होतो आणि करुणा कुठे आहे ते शोधत होतो. ती सहाव्या पानावर सापडली, तळटीपेत: 'वरील रूपांचा सराव माझी विद्यार्थिनी करुणा हिने बिनचूक केला आहे.' एवढंच. सहा पानांत पोरीला एक ओळ, तीही बारीक अक्षरात, आणि त्या ओळीतही 'माझी'.

समोर आनंदाभाऊ चहा पीत बसले होते. मी कागद खोक्यात परत टाकले आणि म्हटलं, "या वेळी नवीन लिहितो."

लिहायला बसलो, आणि दुसरी फजिती पुढे आली. लिहू काय? पोरीबद्दल मला काहीही माहिती नव्हती. सहा महिने रोज समोर बसलेल्या माणसाबद्दल मला चार ओळी लिहिता येईनात. न पाहिलेल्या शब्दाचं नाक कसं होतं हे सांगणारा मी! शेवटी रविवारी भुसावळला गेलो आणि विचारत विचारत त्यांचं क्वार्टर गाठलं.

लोकांनी माझं असं स्वागत केलं, की मला लाज वाटली. शेजारीपाजारी जमले. आनंदाभाऊ हाताला धरून भिंतीकडे घेऊन गेले. "हे बघा सर." बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक नवीकोरी फ्रेम होती. काचेत माझ्या पत्राचं पहिलं पान. परत आलेल्या फाईलमधून त्यांनी ते काढून मढवलं होतं.

"आम्हाला वाचता येत नाही," ते म्हणाले. "पण शेडमधली सगळी माणसं येऊन बघून गेली. हे मधोमध मोठं लिहिलंय, वर चांदणी काढलेली, हे करुणाचं नाव ना?"

करुणा स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं.

मी म्हटलं, "हो."

आयुष्यात मी शास्त्राशी एकदाच खोटं बोललो, ते तेव्हा.

त्या दिवशी मी दुपारभर तिथेच बसलो आणि प्रथमच नुसतं विचारलं, सांगितलं काहीच नाही. करुणाच्या आईला दम्याचा त्रास होता. बाराव्या-तेराव्या वर्षापासून करुणा त्याची वही ठेवत होती. कोणत्या दिवशी धाप लागली, त्या दिवशी वारा कुठून होता, शेगडी पेटवली होती का, काय खाल्लं होतं, कोणत्या गोळीने किती वेळात बरं वाटलं. एक पान, एक महिना. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर औषध देण्याआधी ती वही मागून घेत. मी ती चाळली. माझ्या सगळ्या खोक्यांपेक्षा त्या वहीचं काम पक्कं होतं. तिच्यात चांदणी एकही नव्हती. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं.

घरी आलो आणि एका बैठकीत पत्र लिहिलं. एक पान. वहीबद्दल, पहाटेच्या गाडीबद्दल, धाकट्या भावाच्या अभ्यासाबद्दल. वाचून पाहिलं, तर त्यात मी कुठेच नव्हतो. सही होती तेवढीच. आनंदाभाऊंना कळावं म्हणून त्याची मराठी नक्कलही केली. ती त्यांनी वाचली, डोळे पुसले, आणि मग जरा चाचरत म्हणाले, "सर, या वेळी एकच पान?"

राहिलेल्या महिन्यांत मी वर्गात करुणाला फक्त बोलायला शिकवलं. नाव सांग, गाव सांग, पाणी माग, रस्ता विचार. फळा कोरडा पडला. ती दिल्लीला जाऊन आली आणि या वेळी माझ्याबद्दल कोणी अवाक्षर विचारलं नाही. तिची निवड झाली.

ती गेली एका देशात आणि परत आली दुसऱ्याच देशातून. मधल्या काळात तिथलं सगळं राज्यच उलथलं होतं. इकडे माझा रशियनचा वर्ग विद्यार्थ्यांअभावी बंद झाला. 'य' होता की नव्हता, याचा निकाल माझ्याकडून काही लागला नाही. दोन खोकी वाळवीने खाल्ली. तिने अभ्यासपूर्वक खाल्ली असावी, कारण नेमकी विरुद्ध पक्षाची खाल्ली.

काही वर्षांनी मला चक्कर यायला लागली. बायको म्हणाली, भुसावळला करुणाला दाखवा. तिने तिथे दवाखाना थाटला होता. आनंदाभाऊ आदल्या वर्षी वारले होते. ती बातमी मला उशिरा कळली आणि मी भेटायला गेलो नव्हतो, तोही एक सल होता. माझा नंबर आला. आत गेलो, स्टुलावर बसलो, आणि समोर बघतो तर तिच्या खुर्चीमागे तीच फ्रेम. काच स्वच्छ. चांदणी तशीच.

"अगं, काढ ते," मी म्हटलं.

करुणा हसली. "राहू द्या, सर. पेशंटना ती माझी रशियाची पदवी वाटते. बाबा रोज तिला फडकं मारायचे."

मला राहवलं नाही. बाकीचे पेशंट बाहेर खोळंबले असताना मी म्हटलं, "करुणा, त्या पत्रात काय होतं हे आता तुला कळत असेल. मी तुझं एक वर्ष घालवलं. मला माफ कर."

"आता नाही, सर. तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "दिल्लीला जाताना गाडीत वाचलं. पाकीट उघडंच होतं. सगळं समजलं नाही, पण अक्षरं तुम्ही शिकवली होती. माझं नाव शोधत गेले. सहाव्या पानावर सापडलं, खाली."

"मग दिलंस कशाला? फाडून टाकायचं. नाही म्हणून सांगायचं."

"बाबा समोरच बसले होते ना." तिने फ्रेमकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होती. "भुसावळ सोडल्यापासून ते डब्यातल्या प्रत्येकाला सांगत होते, आमच्या पोरीबद्दल सरांनी सहा पानं लिहिली आहेत. तुम्ही नंतर त्यांना हो म्हणालात, ते बरं केलंत."

मी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "आणि दुसरं पत्र?"

"त्याची मराठी नक्कल घरी आहे. घडी करून ठेवली आहे. ती मी कुणाला दाखवत नाही."

मग तिने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, आणि केसपेपर पुढे ओढून त्यावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, माझं नाव लिहिलं.